दाव्यावर गेलेली गाय

गाव स्वच्छ झालं आणि त्यानंतर पंधरवड्यातच जानरावची गाय खाईनाशी झाली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कोणाला वाटलं नाही. तपासणीची कमिटी येणार म्हणून नवरात्रात सगळं गाव झाडून काढलं होतं. बचत गटाच्या बाया, शाळेचे मास्तर, ज्यांच्या हाताला जन्मात झाडू लागला नव्हता असे चार पुढारी, सगळे रस्त्यावर उतरले. झाडू धरल्याचे फोटो निघाले. फोटो निघाल्यावर पुढारी घरी गेले आणि बायांनी झाडलं. प्लास्टिकच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, खताची फाटकी पोती, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, असा मोठा ठेवा निघाला. तो ट्रॉलीत भरला. ट्रॉली कुठं रिकामी करायची असा प्रश्न आला तेव्हा दौलतराव म्हणाले, "नाल्यात टाका. कमिटी काई नाल्यात उतरत नाई."

दौलतरावांची सून अंजू गावची सरपंच होती. सही तिची, सरपंचकी दौलतरावांची. कमिटी आली, नाल्यात उतरली नाही, चहा पिऊन गेली, आणि कामरगावच्या रस्त्याला गावाच्या तोंडावर 'स्वच्छ गाव, सुंदर गाव' अशी पाटी लागली.

नाला जानरावच्या कोठ्यामागून जातो. कोठा म्हणजे चार लाकडी खांब, वर टिनं, एका कोपऱ्यात चाऱ्याला सोयाबीनचं कुटार, आणि आत ढवळी गाय न् तिची कालवड. बैल केव्हाच गेले. पेरणी आता ट्रॅक्टरवाला करून देतो. गायरान होतं तिथं समाजमंदिर झालं, उरलं होतं तिथं मोबाईलचा टॉवर आला. त्यामुळं गावातली ढोरं दिवसभर मोकळी हिंडतात, आणि हिंडून हिंडून शेवटी नाल्यात उतरतात. खाण्याजोगं काही गावात उरलंच तर ते तिथंच येऊन पडतं.

येतंही मोठ्या श्रद्धेनं. सणावाराचं उरलंसुरलं पुरण, वरण, पोळ्यांचे तुकडे बाया पन्नीत भरतात, वर घट्ट गाठ मारतात आणि काठावरून खाली टाकतात. गाईचा घास उघडा टाकला तर त्याला माती लागते. मातीचा घास गाईला देणं बरं नव्हे.

दिवाळी तोंडावर आली आणि ढवळीनं कुटाराकडं पाठ फिरवली. आधी जानरावला वाटलं, रुसली असेल. नवं कुटार जरा धुरकट होतं. मग सरकीची ढेप दिली. ढेपेलाही तिनं नाक लावलं न् सोडून दिलं. रवंथ थांबला होता. डावी कूस वर आली होती. जानरावनं तिच्यावर टिचकी मारून पाहिली, तर ढोल वाजावा तसा आवाज आला. त्यानं ओवा कुटला, काळं मीठ घातलं, गोडं तेल घेतलं, बांबूच्या नळीनं तिच्या घशात ओतलं. सोयाबीन काढून काढून धरलेली त्याची कंबर तिचं डोकं वर धरताना मोडायला आली. ढवळीनं निम्मं औषध ओठाच्या कडेनं त्याच्या पायावर सोडलं.

आणि एवढं पोट फुगलेलं असतानाही ती उठून चालू लागली की नाल्याकडं जायची. वरणाचा वास यायचा ना तिथून. म्हणून जानरावनं तिला बांधलं. कारंज्याच्या बाजारातला निळा नायलॉनचा दोर होता. पूर्वी तो अंबाडीची दावी स्वतः वळायचा, पण अंबाडी आता कोणी पेरत नाही आणि नायलॉन तुटत नाही.

"बांधू नका तिले," त्याची बायको गोजराबाई म्हणाली. "दुखणाईत ढोर मोकळं असाव."

"मोकळं सोडलं का नाल्यात जाते."

"जाऊ द्या मंग."

"जाऊ द्या म्हंजे? हे पोट कायनं फुगलं वं? हवेनं?"

गोजराबाईनं शेणाची पाटी खाली ठेवली. "माह्यं आयका. तिच्या डोयाचं पानी बरं दिसत नाई मले. काई इकडं-तिकडं झालं तं दाव्यावर नको."

दाव्यावर गाय गेली तर पाप बांधणाऱ्याच्या गळ्यात येतं, हे जानरावला गोजराबाईनं सांगायची गरज नव्हती. गाईचे डोळे फिरले की आधी दावं काप आणि मग रड, असं त्याचा आजा सांगायचा. आज्याच्या काळी नाल्यात पाणी होतं.

"भागवतनं डॉक्टरले फोन केला," तो म्हणाला. "तवरोक राहू दे बांधेल."

भागवत त्याचा मुलगा, कामरगावात मोबाईलचं दुकान चालवतो. डॉक्टर दिवाळीच्या सुटीवर होता, पण माणूस भला. गायगोधनाच्या दिवशी सकाळी येतो म्हणाला.

गायगोधनाला गावात गाईंना आंघोळी घालतात, शिंगं रंगवतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात. ढवळी त्या सकाळी उठलीच नाही. जानरावची नात वैष्णवी गेरूची वाटी घेऊन आली आणि तिनं बसल्या गाईच्याच शिंगांना गेरू लावला. तुळशीचं लग्न झालं की वैष्णवीचं लग्न होतं. मेडशीचा मुलगा, घर बरं, वावर नाल्याकाठचं. "माह्या लग्नालोक बरी हो," ती गाईच्या कानात म्हणाली. कालवड आईच्या पाठीला पाठ लावून उभी होती.

डॉक्टरला घर माहीत नव्हतं, म्हणून जानराव डांबरी रस्त्यावर जाऊन उभा राहिला. निघताना त्यानं एकदा दाव्याच्या गाठीला हात घातला होता. मग त्याची नजर टिनांच्या खालून नाल्यात गेली. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं. नाला पांढरा, लाल, निळा भरला होता. त्यानं गाठीवरचा हात काढून घेतला.

तो डॉक्टरच्या मोटरसायकलवर मागं बसून परत आला तेव्हा गोजराबाई कोठ्यात जमिनीवर बसलेली होती. तिच्या हातात विळा होता. निळा दोर अर्धा कापलेला होता. गाठीशी आधी तिची नखं लागली होती, मग विळा. ढवळीनं शेवटच्या आचक्यात मान मागं टाकली आणि गाठ अशी काही बसली की नखाला दाद देईना. विळा घासघासून चालवला तर नायलॉनचे तंतू पसरले, तुटले नाहीत.

"नाई कापल्या गेला," गोजराबाई म्हणाली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं डोळ्यांची पापणी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाला, "काका, आता आलोच आहे तर पोट पाहून घेतो. कशानं गेली ते तरी कळेल."

बातमीला गावात पाय असतात. डॉक्टरनं हातमोजे चढवले तोवर कोठ्याभोवती माणूस मावेना. सणाचे नवे कपडे, कपाळी टिळे. डॉक्टरनं कूस फाडली. वास आला तसे लोक एक पाऊल मागं सरले आणि मग बघायला दोन पावलं पुढं आले. आतून जे निघालं ते घमेल्यात मावलं नाही. दुसरं घमेलं आणलं. तेही भरलं. सगळं एकात एक गुंतून, पिळा बसून, ओल्या गोधडीसारखं झालं होतं. डॉक्टर ते चिमट्यानं सोडवत होता, आणि गर्दी ओळखत होती. अपघातात गेलेल्याचं सामान नातेवाइकांनी ओळखावं तसं.

"हे तं आपल्या किराण्याची पन्नी हाय."

"खताचं पोतं पाह्य बे, निम्मं."

"गनपतीचा मंडप होता ना, त्याची झालर हाय थे."

एक लाल पिशवी निघाली. कारंज्याच्या कपड्याच्या दुकानाचं नाव तिच्यावर अजून वाचता येत होतं. वैष्णवीच्या साखरपुड्याचं, कुंकवाचं लुगडं त्या पिशवीत आलं होतं. जानरावची सून वर्षाराणी दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि ती आत गेली. जानरावनंही पिशवी ओळखली. ती त्यानंच बाजारातून हातात धरून आणली होती.

डॉक्टरनं चिमट्यात एक पन्नी धरून वर केली. "ही बघा. गाठ तशीच आहे. आत पोळी आहे अजून. गाईला काही हात नाहीत गाठ सोडायला. ती गाठीसकट गिळते."

"म्या तं घास म्हून टाकला होता," एक म्हातारी हळूच म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी जेसीबी आला, वावराच्या कडेला खड्डा झाला, ढवळी त्यात गेली. दोन घमेली पोटातून निघालेली होती, त्यांचं काय करायचं ते जेसीबीवाल्याला कळेना. तो म्हणाला, "नाल्यात टाकू का?" जानरावनं ती घमेली त्याच्या हातातून घेतली आणि खड्ड्यातच, गाईच्या बाजूला रिकामी केली. तिच्या पोटातलं तिच्याजवळ असावं. दुसरी जागा त्याला सुचली नाही.

तिसऱ्या दिवशी दौलतराव आले. बरोबर गावातली तीन-चार वयस्कर माणसं होती. पाणी दिलं तर कोणी घेतलं नाही. आत्ताच पिऊन आलो म्हणाले. सगळे एकाच वेळी पाणी पिऊन आले होते.

"जानराव, वाईट झालं गा," दौलतराव बाजेवर टेकत म्हणाले. "गाय नव्हती थे, लक्षुमी होती. डॉक्टरनं सांगतलं थे आमी आयकलं. पोटात काय होतं थे सगळ्या गावानं पायलं. पन गळ्यात काय होतं?"

"दोर होता," जानराव म्हणाला.

"मंग?"

भागवत उंबऱ्यात उभा होता. त्याचा आवाज चढला. "काका, थे पोटातलं नाल्यात कोनं नेऊन टाकलं? ट्रॉली कोनाची होती?"

दौलतराव रागावले नाहीत. ते रागावत नसत. म्हणूनच त्यांचं चालायचं. "गावानं टाकलं, बाबू. मी कोठी नाई म्हनतो? पन गावाचं पाप बांधाव कोनाच्या गळ्यात? गावाले गळाच नसते. तुह्या बापाले हाय."

बीएपर्यंत शिकलेला भागवत उंबऱ्यातून मागं सरला.

"आमचं काई म्हननं नाई," दौलतराव पुढं म्हणाले. "जमाना बदलला. मी स्वतः मानत नाई. पन लोकं मानतेत. पोरीचं लगन तोंडावर हाय. तुमच्या घरी पंगत बसली आन उठून गेली तं कसं दिसन?"

लोक म्हणजे कोण, ते संध्याकाळी कळलं. मेडशीहून मुलाच्या बापाचा फोन आला. माणूस फार गोड बोलला. म्हणाला, "आमी बी मानत नाई जी हे काई. पन आमची बुढी हाय. थे म्हनते, दाव्यावर गाय गेलेल्या घरचं पानी घेनार नाई. आता बुढीले कोन समजावाव?"

ज्यांना ज्यांना जानरावनं विचारलं त्यांच्यातला कोणीच मानत नव्हता. प्रत्येकाच्या मागं मानणारं आणखी कोणीतरी होतं.

रीत सगळ्यांना ठाऊक होती. त्याच दाव्याचा फास आपल्या गळ्यात घालायचा. पायात काही घालायचं नाही. माणसाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. गावातल्या दारोदार जाऊन गाईसारखं हंबरायचं, मिळेल ती भिक्षा घ्यायची, आणि त्याच अन्नाची पंगत गावाला घालायची. की मोकळा.

"कराची गरज नाई, बाबा," भागवत म्हणाला. "मी मेडशीले जाऊन बोलतो. तुमी तं तिले वाचवाले बांधलं होतं."

"बांधलं तं मीच ना."

"त्याच्यात पाप कायचं?"

जानरावनं पायाच्या भेगेतली माती काडीनं काढली. गाठीला घातलेला हात त्यानं काढून घेतला होता, हे भागवतला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. "करतो मी," तो म्हणाला. "पोरीसाठी नाई. पोरीसाठी बी. पन करतो."

सकाळी थंडी होती. तुरीला फूल आलं होतं. जानरावनं आंघोळ केली, धोतर नेसलं, अर्धा कापलेला निळा दोर गळ्यात घातला. खांद्याला गोजराबाईनं शिवलेली झोळी. नायलॉन मानेला थंड लागला आणि मग खरखरू लागला. गोजराबाई चार हात मागं चालत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दारात त्याचा आवाज निघाला नाही. घरची बाई परात घेऊन उभी राहिली. तीही अवघडली.

"हंबरा ना जी," ती शेवटी म्हणाली. "असं कसं वाढू मी?"

त्यानं तोंड उघडलं. घशातून खोकल्यासारखं काहीतरी आलं. बाईनं ते चालवून घेतलं.

दुसऱ्या, तिसऱ्या दारात जमत गेलं. ढवळी तिन्हीसांजेला फाटकात येऊन कालवडीला हाक मारायची, ती त्यानं आठवून पाहिली. आधी खाली, छातीत, मग हळूहळू वर. त्यानं तसा आवाज काढला तेव्हा गल्लीतली माणसं गप्प झाली. आणि तिकडून, घरांच्या मागून, त्याच्या कोठ्यातून कालवडीनं ओ दिली. लांब, घाईघाईची. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली. गोजराबाईनं मागच्या मागं भिंतीला हात टेकला. जानरावला थांबून सांगायचं होतं, अवं नाई, मी हाव, ती नोय. पण माणसाचा शब्द काढायचा नव्हता. तो पुढच्या दारात गेला आणि तिथं हंबरावंच लागलं, आणि कालवडीनं पुन्हा ओ दिली.

पानठेल्यावर पोरं होती. "काय जानरावभाऊ, दूध दोन्ही टाइम देता का?" एकानं विचारलं. हसू फुटलं. दुसरा म्हणाला, "हासू नका बे, पाप लागते," आणि मोबाईल जरा वर धरून शूटिंग करत राहिला.

भिक्षा भरपूर मिळत होती. गाव वाईट नव्हतं. पण पीठ सांडतं, डाळ झोळीत मिसळते, म्हणून बायांनी सोय केली होती: पीठ एका पन्नीत, डाळ एका पन्नीत, गूळ एका पन्नीत, वर घट्ट गाठ. पहिल्या दोन-तीन जानरावनं झोळीत घेतल्या. मग एका दारात त्याचे हात थांबले. त्यानं खाली बसून पन्नीची गाठ सोडवली, पीठ झोळीत ओतलं, पन्नी झटकली, घडी केली आणि बाईच्या हातात परत दिली. बाईला काही कळलं नाही. पुढच्या दारात त्यानं तसंच केलं. त्याच्या पुढच्या दारातही. चार घरं झाली तेव्हा कुजबुज सुरू झाली आणि ती दौलतरावांच्या ओट्यावर त्याच्या आधी जाऊन पोचली.

दौलतराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. अंजूनं डाळीची पन्नी आणली. जानराव खाली बसला आणि गाठीला नखं लावली.

"जानराव," दौलतराव मायेनं म्हणाले, "असं नको करू. लोकं बोलून राह्यले. तू सध्या गाय हायेस. गाईले हात कोठी असतेत गाठ सोडाले?"

जानरावनं वर पाहिलं.

"मी नाई म्हनत. पन खंडन होईन ना रीतीचं. एवढं केलं, आता थोड्यासाठी कायले बिघडोतं?"

जानराव त्यांच्याकडं पाहत राहिला. त्याच्या घशाशी शब्द आले. ते साधेच होते. कोणालाही समजले असते. त्यानं दात आवळले, आणि मग त्यातून जो आवाज निघाला तो आतापर्यंतच्या आवाजांसारखा नव्हता. तो दौलतरावांच्या तोंडासमोर, अगदी जवळून हंबरला. लांब, श्वास संपेपर्यंत. गळ्याच्या शिरा दोराच्या वर आल्या. अंजू दोन पावलं मागं झाली. ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं हात जोडले.

"पायलं?" दौलतराव शेजारच्याला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "कसा मनापासून करून राह्यला."

मग पन्न्या गाठीसकट झोळीत पडत गेल्या. झोळी भरली तशा गोजराबाईच्या ओच्यात, मग तिच्या डोक्यावरच्या पाटीत. गाव संपलं तेव्हा ऊन वर आलं होतं आणि जानरावच्या डाव्या टाचेतून रक्त येत होतं.

अंगणात वर्षाराणीनं चाकूनं पन्न्या कापल्या. गाठी सोडत बसायला कोणाला वेळ नव्हता. पंगत दुसऱ्या दिवशी होती. पीठ परातीत, डाळ डब्यात, रिकाम्या पन्न्यांचा ढीग तुळशीच्या बाजूला. दुपारी वारं सुटलं आणि निम्मा ढीग कुंपणावरून नाल्यात गेला. उरलेल्या निम्म्यावर जानरावनं दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी महाराज आले. जानरावच्या मिशा उतरवल्या. गोमूत्र शिंपडायचं होतं; दाव्याला गाय नसल्यानं ते भागवतनं कामरगावहून बाटलीत आणलं. बाटलीवर गाईचं हसरं चित्र होतं. महाराजांनी मंत्र म्हणून गळ्यातला दोर काढला आणि सांगितलं, "हे पाप पान्यात सोडून द्या." पाणी जवळपास नव्हतं, म्हणून नाल्यात सोडलं. दोर नायलॉनचा होता, कुजणारा नव्हता. पाप किती दिवस राहील ते महाराजांनी सांगितलं नाही.

पंगत चांगली झाली. वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, बुंदी. जानरावला पळसाच्या पत्रावळ्या पाहिजे होत्या, पण पळसाच्या आता कोण लावतो. भागवतनं चकचकीत ताटल्यांचे गठ्ठे आणि पाण्याचे ग्लास आणले होते. मेडशीची माणसं दोन गाड्या करून आली. त्यांची म्हातारीही आली. बारकी, हसरी बाई होती. तिनं मागून घेऊन बुंदी खाल्ली, घटाघटा पाणी प्याली, आणि वैष्णवीला जवळ बसवून म्हणाली, "मी कोठी काई म्हनत होती वं? हे मानसंच रीत रीत करतेत." लग्नाची तारीख पक्की झाली. सगळे जानरावला भेटून, त्याच्या पाया पडून गेले. कालपर्यंत जो ढोर होता तो आज पाया पडण्याजोगा झाला होता. मिशांवाचून त्याचा चेहरा त्याच्या मेलेल्या भावासारखा दिसत होता.

निघताना दौलतराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "झालं गेलं. आता एक आयक. कालवड मोकयी ठेवत जाय. मोकयी असली का कोठी बी जावो, काई बी खावो, आपल्यावर काई येत नाई."

"हो," जानराव म्हणाला. कितीतरी वेळानं त्याच्या तोंडून शब्द निघाला होता, आणि तो एवढाच निघाला.

ऊन कलल्यावर तो कोठ्यात आला. त्याला वाटलं होतं अंगणात ताटल्यांचा ढीग असेल. अंगण लख्ख होतं.

"ताटल्या कोठी गेल्या?" त्यानं भागवतला विचारलं.

"नाल्यात टाकल्या पोट्ट्यायनं." भागवत खुर्च्या एकात एक घालत होता. मग त्याचे हात मंदावले. "मंग कोठी टाकाव, बाबा? तुमीच सांगा."

जानरावनं खाली पाहिलं. नाल्यात ताटल्यांचा पांढरा थर पडला होता, वरणभात तसाच चिकटलेला. गावातल्या दोन गाई खाली उतरल्या होत्या. ताटली चाटता चाटता एकीनं ती दुमडून तोंडात घेतली. कालवड कोठ्याच्या तोंडाशी उभी होती. आईमागं तिला बांधायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिची नाकपुडी हलत होती. तिनं पुढचा एक पाय उतारावर टाकला.

जानराव गेला आणि तिच्या मानेत हात घालून तिला मागं ओढली. ती जोराची होती. त्यानं तिला खांबाशी दाबून धरलं आणि आवाज दिला, "अवं, तुह्यं जुनं लुगडं आन एखादं."

गोजराबाईनं लुगडं आणलं. एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं, आणि दोघांनी त्याला पीळ दिला. मधे कालवड धडपडत होती. पीळ भरला तसं त्यानं ते दुमडलं, पुन्हा पीळ दिला, कालवडीच्या गळ्यात घातलं, खांबाला दोन वेढे दिले, आणि गाठ मारली. मग त्या गाठीवर आणखी एक.

गोजराबाई बघत होती. "बांधलं?"

"बांधलं."

"आन काई झालं तं?"

जानरावनं गाठ ओढून पाहिली. मानेवर दोरानं काढलेला वळ लाल दिसत होता.

"तं हिंडीन पुन्हा," तो म्हणाला. "आता हंबरता येते मले."

गोजराबाईनं पाटीभर कुटार आणून कालवडीपुढं टाकलं. कालवडीनं ते हुंगलं नाही. नाल्याकडं तोंड करून ती दाव्याला ताण देत उभी राहिली, आणि लुगड्याचा पीळ तिच्या गळ्याशी हळूहळू आवळत गेला.